तीनशे वॉट आणि तीन म्हातारे

बाकीचे लोक अ‍ॅम्प घ्यायला जातात आणि अ‍ॅम्प घेऊन येतात. आमची ऑर्केस्ट्रा पार्टी अख्खा पावसाळा दुकानं फिरली आणि दर वेळी नुसता एक किस्सा घेऊन परत आली. आता टपरीवर कोणी "काय गा, तुझ्या डब्याचं काय झालं?" असं विचारलं की मी आधी त्याला विचारतो, "तुले घरी जायाची घाई तर नाही न?"

आधी माणसं सांगून टाकतो. मधुकाका पार्टीचे मालक. कीबोर्ड वाजवतात. वीज खात्यातून रिटायर झाले, पण बोलणं अजून खिडकीच्या आतून बोलल्यासारखंच आहे. शामरावभाऊ ढोलकवर. इतकी वर्षं ढोलक वाजवली की जेवतानाही ताटावर ठेका धरतात, आणि तोही घाईत. प्रमिलामावशी गाते. एप्रिलमध्ये जयंतीला भीमगीतं, नवरात्रात देवीची, लग्नात पब्लिक ओरडेल ती. तिला म्हातारी म्हटलं तर चप्पल काढते, म्हणून शीर्षक तिला दाखवलेलं नाही.

चौथा मी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं, म्हणून पार्टीत माझं नाव 'इंजिनिअर'. ज्यांनी पूर्ण केलं त्यांना कोणी इंजिनिअर म्हणत नाही. मी बेस गिटार वाजवतो. म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्याच्या तळाशी जे घुमत असतं ते तिचं. तिला तिचाच अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा लागतो. दुसऱ्या कशाला जोडली तर एक तर ती ऐकू येत नाही, नाही तर ते दुसरं काहीतरी फाटतं.

आमच्याकडे ते फाटलं.

* * *

पार्टीजवळ काकांच्या जवानीतला एक डबा होता. त्याच्यावरून त्यांनी मोहल्ल्यातल्या सभांच्या अनाउन्समेंट केल्या होत्या. काकांचा हुकूम, "याच्यातच घाल तुझी बेस. मजबूत आहे."

हिंगण्याकडच्या एका लॉनवर रिसेप्शन. नवरा-नवरी फिरत्या स्टेजवर उभे, वरून गुलाबाच्या पाकळ्या, मावशी एकदम हळुवार गाणं गाऊन राहिली होती. मी खालचा सूर लांबवला. आत स्पीकरचा कागद फाटला आणि डब्यातून जो आवाज निघाला, तो कोणत्याही वाद्याचा नव्हता. तो पोटाचा होता. लांब, ओला आणि मध्ये थांबून पुन्हा सुरू होणारा.

पहिल्या रांगेत मुलाकडचे मोठे लोक बसले होते. त्यांच्यातल्या प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहिलं. एक काकू तर उठून दुसऱ्या सोफ्यावर गेल्या. ज्यांच्या शेजारून त्या उठल्या, ते गृहस्थ नंतर जेवायलाही थांबले नाहीत.

पुढच्या प्रॅक्टिसला काकांनी कीबोर्ड उघडायच्या आधीच निकाल वाचला. "इंजिनिअर, तू आपला डबा पाहून घे. पार्टीच्या पैशाच्या पेटीतून घेऊ. पण तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रिसेप्शनमध्ये त्याचा उपयोग दिसला पायजे. नाही दिसला तर माझा डावा हात आहे न."

हा डावा हात समजून घ्या. मी यायच्या आधी वर्षानुवर्षं काका डाव्या हाताने कीबोर्डवरच बेसचे सूर दाबायचे. मी कधी गेलो तर ते पुन्हा दाबतील. माणूस वाचतो, गाडीत जागा होते.

घरी बाबांनी तर वाटच पाहिली नाही. मामाचं नरखेडजवळ संत्र्याचं पॅकिंग आहे. त्याला फोन करून बाबा म्हणाले, "पोरगा मोकळा होऊन राहिला. सीझनले घेऊन जा." मला संत्र्यांवर काही राग नाही. पण लहान एका क्रेटमध्ये, मोठी दुसऱ्या क्रेटमध्ये, हे एकदा सुरू केलं की माणूस त्याच्यातून बाहेर पडत नाही. मामाकडे पाहा. तो माणसांशीही साइज बघून बोलतो.

* * *

मी घरी बसून भरपूर व्हिडिओ पाहिले, डोकं लावलं आणि पार्टीसमोर सांगितलं: तीनशे वॉटच्या खाली घ्यायचा नाही.

काका म्हणाले, "गिटारवाल्याले पंधरा-वीस वॉट पुरते. मी सोता पाहिलं आहे. तुले तीनशे काहून?"

मी समजावलं की बारीक आवाज थोड्या ताकदीत जातो, पण खालच्या सुराला हवा खूप ढकलावी लागते. छोट्या अ‍ॅम्पला तेवढी ताकद नसते. त्याला ढोसलं की सूर जातो आणि नुसता घरघराट उरतो. काकांनी सगळं डोळे मिटून ऐकलं. बिल जास्त आलं म्हणून भांडायला आलेल्या माणसाचं ते असंच ऐकत असतील.

मग म्हणाले, "तीनशे वॉट म्हणजे चार पंखे. चार पंखे लावले तर निदान पब्लिकले हवा लागते."

"अन पंख्याचाही आवाज येतेच," शामरावभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, "काका, तुम्ही आयुष्यभर वॉट मोजले, आवाज कधी मोजला काय?"

मावशीने पानाचा डबा उघडला, सुपारी कातरली आणि म्हणाली, "मधुभाऊ, बरोबरच बोलून राहिला तो. तुमच्या कीबोर्डचा आवाज मोजला असता तर पार्टी कधीचीच बंद झाली असती."

तीनशे वॉट मंजूर झाले.

* * *

पहिलं दुकान सदरमधलं. मी मनाशी एक अ‍ॅम्प पक्का करून गेलो होतो. नवीन पद्धतीचा, छोटा, हलका, ताकद भरपूर. दुकानदाराने काउंटरवर ठेवला. मी तार जोडतो न जोडतो तोच शामरावभाऊंनी तो एका हाताने उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि परत ठेवला.

"रिकामा आहे," ते म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "अंकल, अब हल्केच आते हैं. नई टेक्नॉलॉजी है."

"अरे, आतमध्ये लोखंडच नाही. आवाज काय डब्याच्या रंगातून येनार?"

शामरावभाऊंच्या काळात अ‍ॅम्प दोघं मिळून उचलायचे. मध्ये दम लागला तर त्याच्यावरच बसून बिडी ओढायचे. त्यांच्या हिशोबाने ज्याच्यावर बसता येत नाही, तो अ‍ॅम्प नाही. मी वाजवत बसलो होतो आणि ते दुकानभर एक-एक वस्तू उचलून पाहत फिरत होते. कंबर दुखते म्हणून हा माणूस ढोलक स्वतः गाडीत ठेवत नाही, ती मला ठेवावी लागते. पण त्या दिवशी बैलासारखे सुटले होते.

शेवटी मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, "इंजिनिअर, हा घे! हा हालूनच नाही राहिला. माल आहे याच्यात."

आम्ही सगळे मागे गेलो. वर कापड टाकलेला काळा डबा होता. शामरावभाऊंना घाम फुटला होता आणि चेहऱ्यावर एकदम समाधान.

दुकानदाराने कापड काढलं. तो दुकानाचा इन्व्हर्टर होता.

शामरावभाऊंनी एक क्षणही डोळे खाली केले नाहीत. म्हणाले, "असू दे. पण माल आहे का नाही सांग."

* * *

दुसऱ्या दुकानात काकांनी ठरवलं की यावेळी टेस्टिंग तेच करणार. टेस्टिंग म्हणजे काय, तर बेस अ‍ॅम्पमध्ये माइक घातला आणि "हॅलो, हॅलो."

एरवी काकांचा आवाज पातळ आहे. त्या अ‍ॅम्पमधून तो असा निघाला की काका स्वतःच दचकले. भरदार, खोल, एखाद्या मोठ्या साहेबासारखा. त्यांनी पुन्हा "हॅलो" म्हटलं. मग नाव सांगितलं. मग पत्ता सांगितला. मग खुर्ची ओढून बसले. आयुष्यभर ज्या आवाजाची वाट पाहिली तो आज भेटला होता, त्याला इतक्यात कसं सोडणार?

मी म्हटलं, "काका, मले वाजवून पाहू द्या."

काकांनी हातानेच थांब म्हटलं आणि माइकमध्ये बोलले, "दुकानासमोर पांढरी गाडी उभी आहे. जाण्यायेण्याले त्रास होऊन राहिला. मालकानं ताबडतोब काढावी."

दुकानाचं दार उघडं होतं. समोरच्या हॉटेलातून एक माणूस तोंडातला घास तसाच घेऊन धावत आला, "काढतो साहेब, काढतो, सॉरी," म्हणाला आणि खरंच गाडी काढून घेऊन गेला.

काकांनी माइक हळूच खाली ठेवला. चेहरा लाल झाला होता.

"घ्यायचा काय मग हा?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "गाणाऱ्याच्या कामाचा आहे. बेसमध्ये वाया जाईल."

* * *

मावशीचं खरं सांगायचं तर ती सुरात असते तेव्हा तिला जगात कोणाचीच गरज नाही. पण तिसऱ्या कडव्यापासून ती हळूहळू वर सरकते. पतंग सरकतो तशी. तिला कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याच्या सात पिढ्या ती उद्धरते. तिला खाली धरून ठेवायचं काम बेसचं. हे तिलाही माहीत आहे आणि मलाही, आणि आम्ही दोघं याच्याबद्दल कधीच बोलत नाही.

तर दिवाळीनंतर तिसऱ्या दुकानात मावशी म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर चहा प्या. मी अन हा पाहतो."

दोन्ही म्हातारे बाहेर गेल्यावर पहिल्यांदा मला शांतपणे वाजवता आलं. मावशी अ‍ॅम्पकडे पाठ करून स्टुलावर बसली. मी एक-एक अ‍ॅम्प लावायचा, तिने गुणगुणायचं.

पहिल्यावर म्हणाली, "ऐकू तर येते. पण बोलून राहिला का कण्हून राहिला समजत नाही."

दुसऱ्यावर म्हणाली, "हा नुसता छातीवर धक्के मारते. डीजेवाल्याले दे."

तिसरा साधा काळा डबा होता. पुढे एकच मोठा, पंधरा इंची स्पीकर, बटणं थोडी. मी वाजवलं. मावशी गुणगुणायला लागली आणि गुणगुणतच राहिली. मुखडा झाला, पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं सुरू झालं आणि मी मनात तयार राहिलो. ती सरकली नाही. होती तिथेच होती.

गाणं संपल्यावर मावशी मागे न वळताच म्हणाली, "याच्यात मले माझा सा सापडते गा."

आणि मग लगेच, "बाहेर त्यायले सांगू नको. मी म्हटलं असं सांगू नको. लय स्वस्त भेटून राहिला असं सांग."

दुकानदार भला माणूस. म्हणाला, घेऊन जा, एक कार्यक्रम वाजवा, नाही आवडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणून द्या.

* * *

आमची प्रॅक्टिस लकडगंजात होते, एका आरा मशीनच्या मागे, गोदामाच्या वरच्या खोलीत. खाली दिवसभर ओंडके चिरतात. आमचे चार सूर आणि मशीनचा एक, असं सगळं मिळून गाणं होतं. मशीनचे मालक सेठजी चांगले आहेत. भाड्याबद्दल ते बोलत नाहीत आणि आमच्या गाण्याबद्दलही बोलत नाहीत.

नवीन अ‍ॅम्प आला त्या दुपारी म्हातारे यायच्या आधी मी एकटाच बसलो. सगळ्यात जाड तार घेतली आणि हळूहळू वाजवत राहिलो. जमीन बारीक थरथरायला लागली. मला वाटलं, बस, हेच पाहिजे होतं.

थोड्या वेळाने खाली मशीन बंद पडली. मग सुरू झाली. मग पुन्हा बंद. खाली माणसांची पळापळ ऐकू येत होती, पण त्यात माझं काय? मी वाजवत होतो. बऱ्याच वेळाने पाणी प्यायला खाली उतरलो तर सेठजी आणि त्यांचा मिस्त्री मशीनच्या पोटात डोकं घालून बसलेले. अर्धी मशीन उघडून जमिनीवर मांडलेली. दोघांचे हात ग्रीसने भरलेले.

मी विचारलं, "काय झालं, सेठजी?"

"बेरिंग गई," सेठजी म्हणाले. "पूरा खंबा हिल रहा था. मशीन बंद की, फिर भी हिल रहा था! ऐसा तीस साल में नहीं देखा." मग वर पाहून म्हणाले, "तुम आया तो अब बंद हो गया देखो."

मिस्त्री म्हणाला, "नवीन टाकून देऊ, सेठ. रिस्क नको."

मी पाणी प्यायलो आणि वर गेलो. नवीन बेरिंग बसेपर्यंत तारेला बोट लावलं नाही. सेठजी आजही सांगतात की तो मिस्त्री नंबर एक आहे.

हा किस्सा मी काकांना सांगितला. म्हटलं, बघा, खांब हलवला मी. काका म्हणाले, "खांब बुकिंग देत नाही. रिसेप्शनमध्ये पाहू."

* * *

ते रिसेप्शन वर्धा रोडच्या लॉनवर होतं. सकाळी अ‍ॅम्प दुकानात परत जाणार की राहणार, हे त्या संध्याकाळवर होतं. आणि मी पण. मामाची गाडी दुसऱ्या दिवशी कळमन्याच्या बाजारात संत्री उतरवायला येणार होती. परत जाताना ती रिकामी जाते. बाबांनी माझी बॅग दाराजवळ ठेवून दिली होती.

गाणी सुरू झाली. लोक खात होते. लग्नात कोणी ऐकत नाही, हे मान्य. पण आमचेही काही बोलेनात. दोन गाण्यांच्या मध्ये शामरावभाऊंनी वळून विचारलं, "डबा चालू केला न गा तू?" मी मान खाली घालून तार जुळवायला लागलो. बोललो असतो तर ढोलक फुटली असती. काका समोर बघून वाजवत होते. त्यांचा सोनेरी कोट चमकत होता आणि चेहरा भिंतीसारखा.

मावशीचं मोठं गाणं आलं. तिसऱ्या कडव्यात माझा अ‍ॅम्प बंद पडला.

गिटारची तार तुटली नव्हती. डब्यावरचा लाल दिवा गेला होता. कॉफीवाल्याला बोर्डात जागा पाहिजे होती, त्याने एक प्लग काढून आपला घातला. हे नंतर कळलं. त्या वेळी मी बोटं तशीच चालवत राहिलो. कीबोर्ड चालू, ढोलक चालू, मावशी चालू. खाणाऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. मी काकांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. आता तो खाली सरकेल, दोन बोटं जाड सुरांवर ठेवील, आणि माझं इथलं काम संपेल.

मधुकाका सुरू झालेलं गाणं थांबवत नाहीत. एकदा वाजवताना त्यांच्या मागचा पडदा पेटला होता, तो लोकांनी विझवला, काकांनी कडवं पूर्ण केलं.

काकांनी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

मावशी अर्ध्या ओळीवर थांबली. शामरावभाऊंचा हात हवेतच राहिला. अख्ख्या लॉनवर नुसता चमच्यांचा आवाज. काकांनी माइक ओढला.

"थांबा हो जरा," ते आपल्या पातळ आवाजात म्हणाले. "आमचा एक माणूस बंद पडला."

मुलीचे मोठे काका तावातावाने स्टेजजवळ आले. "काय बंद पडलं? सगळं तर चालू होतं. वाजवा न!"

"तुमाले वाटते," मधुकाका म्हणाले.

ते स्टेजवरून उतरले. माझ्या अ‍ॅम्पची तार हातात धरली आणि तिच्या मागे मागे निघाले. गालिच्याखालून, सोफ्यांच्या मागून, पाणीपुरीच्या टेबलाखालून गुडघ्यावर, सोनेरी कोटासकट. लोक ताटं वर धरून त्यांना वाट देत होते. तार कॉफीच्या काउंटरशी संपली.

कॉफीवाला म्हणाला, "काका, दूध तापत ठेवलं आहे."

"थंड प्यायले दे," काका म्हणाले आणि त्याचा प्लग काढला.

माझ्या डब्यावर लाल दिवा लागला. काका परत आले, पँटवरचे गुडघ्याजवळचे डाग झटकले, ते निघाले नाहीत, आणि कीबोर्डवर बसले. मुलीचे काका खाली घड्याळ दाखवत होते.

मावशीने विचारलं, "मधुभाऊ, कुठून घेऊ? कडव्यापासून?"

"तू थांब वं प्रमिला," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"तू कर सुरू. आम्ही येतो मागून."